बावखल आणि अभ्यासक्रम

पर्यावरणाचा अभ्यास आपल्या पदवीवर्गांत न्यायालयाच्या वाटेने आला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्देश दिले. सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम मात्र २००४ च्या सुमारास अवतरला. एकूण तासिका पन्नास, त्यांतल्या आठ नैसर्गिक साधनसंपत्तीच्या.

वसईने हा विषय त्याआधीच, कोणत्याही तासिकेविना, शिकायला घेतला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या वतीने टँकरने होणारा पाण्याचा उपसा आणि अनिर्बंध बांधकामे यांविरुद्ध लढा दिला. दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचे संपादक. पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष. या चळवळीची भाषा मराठी होती, हे साहित्याच्या अभ्यासकांनी फारसे मनावर घेतलेले नाही.

लढ्याचे मर्म समजायचे तर बावखल पाहावे लागते. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले छोटे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरींना गोडवा देई. समुद्रालगतच्या भूमीत हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला की खारे पाणी वर सरकते. बैलांच्या रहाटाला उपशाची मर्यादा होती, पंपाला ती उरली नाही. पुढे जमिनीला भाव आला आणि अनेक बावखले मातीच्या भरावाखाली गेली.

त्यांच्याबरोबर शब्दही जातात. सामवेदी, वाडवळी बोलणाऱ्या घरांतला विद्यार्थी उत्तरपत्रिकेत 'पर्जन्यजलसंधारण' बिनचूक लिहितो. 'बावखल' हा शब्द त्याने आजीकडून ऐकलेला असतो, पण तो परीक्षेत चालेल असे त्याला वाटत नाही. वास्तविक २००४ च्या अभ्यासक्रमात स्थानिक परिसराला भेट देऊन नोंदी करण्याचा स्वतंत्र घटक होता. आम्ही पाहिलेल्या प्रकल्पवह्यांत मात्र अॅमेझॉनची अरण्येच अधिक आढळली. (चित्रे सुबक होती, हे मान्य.)

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये पर्यावरणशिक्षणाचा नवा आराखडा दिला. त्यातही क्षेत्रकार्य आहे. मराठी विभागाचे बोली-सर्वेक्षण आणि हे क्षेत्रकार्य एकत्र करता येईल. काही बावखले अजून शिल्लक आहेत, रहाट हाकलेली माणसेही आहेत. रहाटाच्या भागांची नावे त्यांच्याकडूनच, त्यांच्या उच्चारांसह, लिहून घ्यावी लागतील.