लँड्रींची हॅट

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू काखेत मारून धावण्याचा खेळ. त्यातल्या डॅलस काउबॉइज संघाला 1960 पासून, म्हणजे संघ जन्मला तेव्हापासून, एकच मुख्य प्रशिक्षक होते, टॉम लँड्री. कोट, टाय, डोक्यावर हॅट आणि दगडी चेहरा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमान चालवलेला माणूस, तो मैदानाकडेला आरडाओरडा कशाला करील? 1966 ते 1985 अशी सलग 20 वर्षं त्यांच्या संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त राहिले. सुपर बोल दोनदा जिंकला.

मग उतार लागला. 1988 च्या मोसमात 3 विजय, 13 पराभव. 25 फेब्रुवारी 1989 रोजी नवे मालक जेरी जोन्स यांनी त्यांना काढलं आणि शहर हळहळलं. एप्रिलमध्ये लोकांनी त्यांची मिरवणूक काढली!

नवे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांचा पहिला मोसम 1 विजय, 15 पराभव. 'बघा, सांगत नव्हतो?' पण जानेवारी 1993 आणि जानेवारी 1994 मध्ये त्यांनी लागोपाठ सुपर बोल जिंकून दिला. तरी वाद मिटेना. मेख अशी की, तिथे तळाच्या संघाला नवा खेळाडू निवडण्याचा पहिला मान असतो. क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन मिळाले ते लँड्रींच्या त्या पडत्या मोसमामुळे; मायकेल अर्विनना तर लँड्रींच्याच काळात निवडलेलं.

मला विचाराल तर काढणं बरोबर होतं, तऱ्हा चुकली. ऑस्टिनजवळच्या गोल्फ मैदानावर गाठून निरोप द्यायचा, हे 29 मोसमांनंतर? जॉन्सन यांचंही मालकाशी पटलं नाही. दुसऱ्या सुपर बोलनंतर दोनच महिन्यांत तेही गेले.