काचेची पेटी आणि आईची कूस

पूर्ण दिवसांच्या निरोगी मुलास आईनें अंगावर घ्यावें, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. प्रश्न उद्भवतो तो सातव्या-आठव्या महिन्यांतच जगांत आलेल्या मुलाचा. त्याच्या अंगीं ऊब टिकत नाहीं, ओढून पिण्याचें बळ नसतें, आणि घोट व श्वास यांचा मेळहि बसत नाहीं. आईच्या दुधाची गरज सर्वांत अधिक त्यास, आणि तें घेण्याची शक्ति सर्वांत कमी त्याचीच! गेल्या दीडशें वर्षांत वैद्यकानें हें कोडें कसें सोडविलें तें पाहूं लागलों, म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. मूल वांचविण्याच्या भरांत आईच बहुधा दाराबाहेर राहिली.

पॅरिसच्या मातेर्निते प्रसूतिगृहांत स्तेफान तार्निए यांनीं १८८० च्या सुमारास उबेची पेटी वापरण्यास आरंभ केला. कोंबडीचीं अंडीं उबविण्याच्या यंत्रावरून ती कल्पना त्यांस सुचली होती. ज्यांस ओढतां येत नसे त्यांस नळीनें दूध देण्याची रीतहि त्यांनीं रूढ केली. मुलें वांचूं लागलीं. परंतु त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ यांच्या दृष्टीस निराळेंच कांहीं पडलें. पेटींतल्या मुलापासून दूर ठेवलेल्या आईचें दूध आटे, आणि हळूहळू मायाहि आटे. म्हणून आईस मुलाजवळ येऊं द्यावें, आणि तें ओढूं लागेपर्यंत तिनें दुसऱ्या सशक्त मुलास पाजून आपलें दूध टिकवावें, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा 'ल नूरिसाँ' हा ग्रंथ १९०० सालीं प्रसिद्ध झाला.

पुढें पेटी जगभर गेली; ब्युदँचा सल्ला मात्र मागें राहिला. अमेरिकेंत कोनी आयलंड येथें १९०३ पासून १९४३ पर्यंत हीं अर्भकें तिकीट लावून लोकांस दाखविलीं जात. त्यांतलीं पुष्कळ वांचलीं, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. रुग्णालयांनींहि संसर्गाच्या भयानें मातांस कांचेपलीकडे उभें केलें.

आईचें दूध पुरेनासें झालें तर दुसऱ्या मातेचें द्यावें, या विचारानें व्हिएन्ना येथें १९०९ सालीं पहिली दुग्धपेढी निघाली. आशियांतील पहिली पेढी मुंबईस शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं स्थापिली. दान केलेलें दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करितात. परंतु पेढी दूध देऊं शकते. आई देऊं शकत नाहीं.

ती उणीव दारिद्र्यानें भरून काढली. कोलंबियांतील बोगोता येथें पेट्या थोड्या, मुलें फार, आणि संसर्गाची भीति मोठी. तेव्हां १९७८ सालीं एद्गार रेय यांनीं अशीं मुलें आईच्याच उघड्या छातीशीं बांधण्याचा प्रघात घातला. कांगारूच्या पिशवीवरून त्यास नांव पडलें. मुलास ऊब मिळे, आणि दूधहि तोंडाशींच असे.

ही केवळ गरिबांची तडजोड, असें पुष्कळांस वाटे. परंतु भारतासह पांच देशांतील पाहणीचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. जन्मतांच छातीशीं घेतलेल्या अल्पवजनी मुलांपैकीं पहिल्या अठ्ठावीस दिवसांत शेंकडा १२ दगावलीं; नेहमींच्या रीतीनें ठेवलेल्यांपैकीं १५.७. या दोन आंकड्यांमधील अंतर म्हणजे आई. यंत्र नको, असा याचा अर्थ नव्हे. नळी हवी, पेटीहि हवी. मात्र दुबळ्या मुलाच्या खोलींत आई ही पाहुणी नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे, एवढें ब्युदँस ठाऊक असलेलें सत्य मान्य करावयास जगास एक शतक लागलें.