नांदगावचे तिकीट आणि देवघेवीचा न्याय

भिलाईहून नागपूरकडे निघाले म्हणजे दुर्गच्या पुढे राजनांदगावचे स्टेशन लागते. सुटीत घरी जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांस ते परिचित आहे. परंतु या नांदगाव संस्थानाने १८९१ ते १८९५ या काळात स्वतःची टपाल तिकिटे काढली होती, हे फार थोड्यांस ठाऊक असते. ती संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. त्यांपैकी काहींवर महंत बलरामदास यांच्या नावाची ‘एम. बी. डी.’ ही आद्याक्षरे लंबवर्तुळात छापलेली आढळतात.

असे एक तिकीट आजोबांच्या कागदपत्रांतून आमच्या हाती आले आणि शाळकरी वयात आम्ही ते घालवून बसलो. भिलाईचा कारखाना १९५५ च्या करारान्वये सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली. रशियन तंत्रज्ञांच्या मागोमाग त्यांच्या देशाची तिकिटेही या वसाहतीत आली. वयाने मोठ्या अशा एका संग्राहकाने आमच्या एका जुनाट, फिकट तिकिटाच्या बदल्यात वीस रशियन तिकिटे दिली. वीसास एक! आम्ही नाचतच घरी आलो. पुढे पाहतो तो प्रत्येकाच्या कोपऱ्यात शिक्का अगदी एकसारखा आणि मागचा डिंक शाबूत. त्या तिकिटांनी एकही पत्र वाहिले नव्हते. परदेशी संग्राहकांस विकण्यासाठी ती आधीच रद्द करून ठेवलेली होती. त्या गृहस्थाने खोटे काही सांगितले नव्हते. तो केवळ गप्प राहिला होता.

हे गप्प राहणे तिकिटसंग्रहाइतकेच जुने आहे. गेल्या शतकापूर्वीच फरीदकोट व काश्मीर या संस्थानांच्या तिकिटांची पुनर्मुद्रणे व नकला संग्राहकांसाठी छापल्या जाऊ लागल्या, आणि अस्सल कोणते हे ठरविण्यासाठी लाहोरच्या डेव्हिड मॅसन यांच्यासारख्या अभ्यासकांस वर्षे वेचावी लागली. १८९५ मध्ये तर केवळ विक्रीसाठी काढलेल्या तिकिटांवर बहिष्कार घालण्याकरिता लंडनमध्ये एक मंडळच स्थापन झाले.

मग न्याय मोजावा कशाने? पुष्कळांचे बोट सूचीकडे जाते. स्टॅन्ले गिबन्स यांची पहिली यादी १८६५ ची. पण ती दुकानदाराने आपल्या मालाची केलेली भावयादी होती, हे विसरता कामा नये. क्षुल्लक तिकिटाच्या छापील किमतीत दुकानदाराची निवडण्या-सांभाळण्याची मेहनतच अधिक असते. अशी शंभर तिकिटे एकत्र केली तर बेरीज एका दुर्मिळ तिकिटाएवढी भरेल; परंतु या बेरजेवर दुर्मिळ तिकीट देणारा समंजस मनुष्य विरळाच. नगास नग म्हटले तर आमच्यासारखा फसतो, सूचीस सूची म्हटले तर दुसरा कोणी. ते तिकीट मागील बाजूने विरले असेल, एखादा दाता तुटलेला असेल, तर दोन्ही मापे व्यर्थ.

संग्राहकांच्या मंडळांनी यावर एक साधी युक्ती काढली. प्रत्येकाने आपली तिकिटे वहीत चिकटवून खाली स्वतःच किंमत लिहावयाची. वही सभासदांत फिरे, आणि जो तिकीट काढून घेई तो रिकाम्या जागी आपली सही करी. तिकिटांची बदलाबदली कोणी केल्यास ती उघडी पडण्याची सोय त्यात होती. मात्र सही चोरीस आळा घालते, मौनास नव्हे.

आमच्या मते न्याय दोन्ही पारडी समान करण्यात नाहीच. आवडीपायी कोणी जाणूनबुजून अधिक दिले तर त्यात अन्याय कसला? अन्याय होतो तो एकास ठाऊक असलेले दुसऱ्यापासून दडविण्यात. म्हणून जाणत्यावर बोलण्याची जबाबदारी अधिक, आणि समोर मूल असेल तर ती कितीतरी अधिक.

नांदगावचे ते तिकीट आम्हांस पुन्हा मिळाले नाही. मात्र अजूनही कोणाशी अदलाबदल करताना आमचे तिकीट आम्ही चिमट्याने उचलतो आणि प्रथम उलटे करून, त्याची मागील बाजू समोरच्यास दाखवितो.