खर्जाची पाठचिकित्सा : जुन्या बास गिटारच्या निमित्ताने

वापरलेले वाद्य विकत घेणे ही एका अर्थी पाठचिकित्साच असते. हस्तलिखित जसे अनेक लेखनिकांच्या हातांतून आपल्यापर्यंत पोहोचते, तशी जुनी बास गिटारही अनेकांच्या खुणा अंगावर घेऊन येते. कोणी पिकअप बदललेला असतो, कोणी पडदे घासलेले असतात, कोणी घोडी उचललेली असते. मूळ पाठ कोणता आणि प्रक्षेप कोणता, हे ठरल्याशिवाय ‘या वाद्यातून किती तऱ्हेचा नाद निघेल?’ या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. वर्षाची बचत खिशात घालून दुकानात उभ्या राहिलेल्या तरुण वादकासाठी हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक नसतो. त्याला एकच वाद्य घेणे परवडते, आणि त्या एकावरच सर्व काही वाजवायचे असते.

या प्रश्नाला इतिहास आहे. 1951 मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली, तेव्हा नादाची विविधता हा त्यांचा उद्देश नव्हता. उभा डबल बास अवजड होता आणि मोठ्या वाद्यवृंदात तो ऐकूही येत नसे. पडद्यांमुळे स्वर अचूक लागावा, ही नव्या वाद्याची प्रतिज्ञा होती आणि तीच त्याच्या नावात उतरली. 1957 मध्ये या वाद्याला दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप मिळाला. 1960 मध्ये आलेल्या ‘जॅझ बास’वर मात्र दोन स्वतंत्र पिकअप होते. नाद निवडण्याची मुभा वादकाला येथे ठळकपणे मिळाली. 1976 च्या ‘म्युझिक मॅन स्टिंगरे’ने बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प वाद्याच्या पोटातच बसवला. चाव्या वाढत गेल्या, आणि जितक्या चाव्या तितके नाद, अशी समजूतही वाढत गेली.

ही समजूत किती अपुरी आहे, हे दोन वादकांच्या उदाहरणांवरून कळते. डेट्रॉइटच्या मोटाउन ध्वनिमुद्रणांत वाजवणारे जेम्स जेमर्सन यांच्याकडे 1962 ची एक साधी प्रिसिजन होती. एकच पिकअप, सपाट गुंडाळीच्या जुन्या तारा आणि उजव्या हाताची मुख्यतः एकच तर्जनी, एवढीच त्यांची सामग्री. तरीही त्या खर्जाने असंख्य गाण्यांना निरनिराळी चाल दिली. दुसरे जॅको पास्टोरियस. त्यांनी पडदे काढून टाकलेल्या 1962 च्या जॅझ बासवर घोडीजवळच्या पिकअपवर भर देत मानवी कंठासारखा नाद शोधला. गमतीचा भाग असा की ज्या पडद्यांपायी हे वाद्य जन्मले, तेच काढल्यावर त्याला नवी वाणी फुटली. प्रक्षेपही कधी अभिजात ठरतो, तो असा.

मग तपासणी कशी करावी? प्रथम वाद्य ॲम्प्लिफायरला न जोडता वाजवावे. दांडी आणि लाकूड यांचा स्वभाव अशा वेळी उघडा पडतो. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून स्वर किती वेळ टिकतो, ते ऐकावे. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर बहुधा लवकर मरतो. तो फारच लवकर मरत असेल, तर कोणतीही चावी त्याला जिवंत करणार नाही. त्यानंतर ॲम्प्लिफायरच्या सर्व चाव्या मध्यावर ठेवून एकेक पिकअप स्वतंत्रपणे ऐकावा. दांडीकडचा पिकअप भरीव बोलतो, घोडीकडचा टोकदार; कारण कंपणाऱ्या तारेच्या निरनिराळ्या बिंदूंवर उपस्वरांचे प्रमाण निराळे असते. दोन्ही एकत्र उघडल्यावर तिसरा, मधला भाग किंचित पोकळ झालेला नाद मिळायला हवा. टोनची चावी सावकाश फिरवावी. बदल क्रमाक्रमाने व्हावा, शेवटच्या टोकाला एकदम उडी नसावी. शेवटी चाव्यांना हात न लावता दांडीच्या मुळाशी आणि मग घोडीजवळ, बोटांनी आणि मग प्लेक्ट्रमने तोच स्वरसमूह वाजवावा. एवढ्यावर वाद्य चार वेगळे नाद देत असेल, तर ते खरोखर बहुभाषी आहे, असे समजावे.

येथे एक विवेक आवश्यक आहे. मंदावलेल्या तारा, खरखरणारी चावी, किंबहुना पिकअपसुद्धा बदलता येतो. अशा दोषांवर किंमत कमी करून घ्यावी. पिळलेली दांडी आणि लाकडाचा मुका स्वभाव हे मात्र संहितेचेच दोष होत. त्यांवर टीपा लिहून भागत नाही. जुन्या तारांमुळे चांगले वाद्य निस्तेज भासते, तर कोऱ्या तारांची झळाळी सामान्य वाद्याचे उणेपण काही दिवस झाकते. म्हणून तारांचे वय आधी विचारावे.

अखेरीस, सर्व शैली बोलू शकणारे वाद्य आणि स्वतःची एक वाणी असलेले वाद्य, यांपैकी निवड करण्याची वेळ येतेच. ज्याला निरनिराळ्या गायकांमागे साथ करून पोट भरायचे आहे, त्याने पहिले घ्यावे. त्यात कमीपणा नाही. परंतु दोन पिकअप आणि पाच चाव्या असूनही ज्यातला एकही नाद मनात रेंगाळत नाही, ते वाद्य परत भिंतीवर टांगावे. अनेक भाषा येणे आणि सांगण्यासारखे काही असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.