पांढरी, काळी आणि परतूर

फ्रान्समध्ये 1789 च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेने लहानमोठ्या सर्व गावांना एकाच धर्तीची नगरपालिका दिली, आणि शंभर-दीडशे वस्तीच्या खेड्यालाही आपला नगराध्यक्ष व आपली कचेरी लाभली. आमच्या मराठवाड्यात गावाचे गावपण कोण्या कायद्याने ठरलेले नाही. ते ठरले दोन मातींनी. जिच्यावर घरे उभी राहतात आणि पिढ्यान्‌पिढ्या ढासळलेल्या भिंतींनी जी उंचावत जाते ती पांढरी, आणि जिच्यात जोंधळा व कापूस पिकतो ती काळी.

दुधनेच्या खोऱ्यातले परतूर हे अशाच दोन मातींचे गाव. मृगापूर्वी जुन्या पांढरीतली खारी माती पाट्यांनी वाहून आणायची आणि माळवदावर पसरून चोपायची, म्हणजे पावसाळाभर घर गळत नाही. पूर्वजांच्या पडक्या भिंतींनीच वंशजांच्या डोक्यावरचे छत राखावे, यापेक्षा गावाशी असलेले जिव्हाळ्याचे नाते दुसरे कोणते असेल, हे मला ठाऊक नाही.

1900 च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी मीटरगेज लोहवाट याच मुलखातून गेली. जालना सोडून रांजणी, पारडगाव मागे टाकीत गाडी परतूरला येई आणि पुढे सातोना, सेलू करीत परभणीची वाट धरी. काळीतल्या कापसाला दूरचा बाजार या वाटेने जवळ आला.

गाव जागचे हलले नाही, पण त्याच्यावरचे अंमल बदलत गेले. हाली शिक्क्याचे चलन आणि उर्दू दफ्तर असलेली निजामी राजवट 1948 च्या 17 सप्टेंबरला संपली. 1956 त मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 त महाराष्ट्र झाला, आणि 1 मे 1981 रोजी परतूर तालुका परभणीतून निघून नव्या जालना जिल्ह्यात दाखल झाला. जिल्ह्याची कचेरी पूर्वेऐवजी पश्चिमेला गेली. सोयरीक मात्र पूर्वीच्याच वाटेने सेलू-परभणीकडे जात राहिली.

या सर्व स्थित्यंतरांत इथल्या गावांच्या दोन्ही मातींना कोणी हात लावला नव्हता. निम्न दुधना प्रकल्पाच्या धरणाने तो लावला. बुडितात सापडलेल्या गावांनी नव्या गावठाणात आपले नाव नेले, आपला देव नेला. पण काळी पाण्याखाली राहिली, आणि नव्या घरांवर स्लॅब पडल्यामुळे मृगापूर्वीच्या त्या खाऱ्या मातीच्या पाट्यांचेही कारण उरले नाही.