संसाराची भरती-ओहोटी

इ. स. १८९९ सालीं इंग्लंडांतील यॉर्क शहरांत सीबोम राउंट्री यांनीं मजुरांच्या घरोघरीं चौकशी करविली. वडील कोको-चॉकोलेटचे मोठे कारखानदार. चिरंजीव मात्र शिलिंग-पेन्सांचा हिशेब मांडून बसले. नवरा, बायको व तीन मुलें यांस आठवड्याला किमान २१ शिलिंग ८ पेन्स हवेत, असें त्यांनीं ठरविलें. पैकीं १२ शिलिंग ९ पेन्स अन्नाचे, ४ शिलिंग भाड्याचे. उरल्यांत कपडे, दिवा, जळण. तंबाखू, वर्तमानपत्र, टपालाचें तिकीट यांना त्या यादींत जागाच नव्हती.

१९०१ सालच्या त्यांच्या ग्रंथांत शहरांतील शेंकडा २७.८४ लोक दारिद्र्यांत असल्याचें नमूद आहे. हा आंकडा गाजला; परंतु त्याच ग्रंथांतील मजुराच्या आयुष्याची एक लहानशी आकृति अधिक बोलकी आहे.

मजूर जन्मतो तो बहुधा ओहोटींत. खाणारीं तोंडें अनेक, मिळविणारा एक. तो स्वतः कामावर जाऊं लागला कीं घरांत चार पैसे खेळूं लागतात. आईबापांजवळ राहणाऱ्या या तरुणाला स्वतःच्या खर्चाहून अधिक मिळतें, आणि शिल्लक टाकण्याचा काळ असलाच तर हाच. लग्नानंतरचीं पहिलीं वर्षेंही बरीं जातात. दोन-तीन मुलें झालीं कीं तीच मजुरी तोकडी पडते. थोरलें मूल चौदा वर्षांचें होऊन मिळवूं लागेपर्यंत, म्हणजे सुमारें दहा वर्षें, ही ओढ चालते. मग मुलांच्या कमाईची भरती येते. पुढें तीं लग्नें करून, तिकडच्या रिवाजाप्रमाणें, वेगळीं होतात. याचें अंग थकतें, आणि शेवटची ओहोटी लागते.

स्त्रीची गोष्ट याहून कठीण. तिच्या बाळंतपणांचीं वर्षें बव्हंशीं मधल्या ओहोटींतच येतात. कमी पडेल तें आधीं तिच्या ताटांत; नवऱ्याला कामावर जावयाचें असतें! एखाद्या दिवशीं मोजलेल्या गरिबांहून कधींना कधीं या स्थितींतून गेलेले कितीतरी अधिक, तें यामुळेंच.

सरकारी मदत आली ती याच दोन खळग्यांकडे, पण उलट्या क्रमानें. १९०८ च्या कायद्यानें सत्तरी गांठलेल्या गरीब वृद्धांना आठवड्यास जास्तींत जास्त ५ शिलिंग मिळूं लागले. मजुराचे हात त्याआधींच थकतात, हें कायद्यानें मनावर घेतलें नाहीं. मुलांचा भत्ता सुरू होण्यास १९४६ उजाडलें: पहिलें मूल सोडून पुढच्या प्रत्येकास आठवड्याला ५ शिलिंग. १९५० सालीं राउंट्री यांनीं यॉर्कची तिसरी पाहणी केली. गरिबांची संख्या तींत फारच थोडी भरली, इतकी कीं पुढच्या संशोधकांस ती खरी वाटली नाहीं. मात्र त्या थोड्यांतही दोन-तृतीयांशांहून अधिकांच्या दारिद्र्याचें कारण एकच निघालें: म्हातारपण.