चेटकिणीचा खटला आणि आपली मुले

अन्यायाचा इतिहास मुलांना सांगावा की त्यांच्यापासून लपवावा, यावर आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. अमेरिकेतील कादंबरीकारांनी मात्र एक जुना, लाजिरवाणा खटला धीटपणे मुलांपुढे मांडला.

१६९२ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील सेलम गावी प्युरिटन धर्मोपदेशकाच्या घरातील दोन लहान मुलींना झटके येऊ लागले. वैद्याला कारण सापडेना, तेव्हा करणीचा संशय आला. तो प्रथम कुणावर आला? टिटुबा या गुलाम स्त्रीवर, दारोदार भीक मागणाऱ्या सारा गुडवर आणि एका आजारी बाईवर. साराच्या चार-पाच वर्षांच्या मुलीलाही तुरुंगात डांबले. ‘आरोपीची छाया मला छळते’ ही साक्ष न्यायालयाने ग्राह्य धरली. १९ जणांना फाशी झाली. एका वृद्ध शेतकऱ्याला दगडांखाली चिरडून मारले. खोटी कबुली देऊन तीवर ठाम राहिलेले वाचले. खरे बोलणारे फासावर गेले.

या काळावर एलिझाबेथ जॉर्ज स्पीअर यांनी १९५८ मध्ये कुमारांसाठी कादंबरी लिहिली. तीत परक्या मुलुखातून आलेल्या मुलीवर चेटकाचा आळ येतो. अॅन पेट्री या कृष्णवर्णीय लेखिकेने १९६४ मध्ये टिटुबालाच नायिका केले. जिचे म्हणणे कुणी ऐकले नाही, तिच्या नजरेने मुलांनी इतिहास पाहिला.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येत नाही. पनवेल ज्या कोकणात येते, तो मुलूख पेशव्यांच्या अमलाखाली होता. देवऋषी व चेटूक करणारे यांना शोधून शिक्षा करणे हे तेव्हा सरकारी काम मानले जाई, असे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशीवर लिहिताना नमूद केले आहे. पेशवाई १८१८ मध्ये गेली. भुताळीचा संशय मात्र उरला.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते असे भासवणे आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. आळ घेणारा देवऋषी असो वा तावीज देणारा बाबा, कायदा त्याचा धर्म विचारत नाही.

सेलमच्या खटल्यात दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सन हिचे नाव निर्दोषांत यायचे राहून गेले होते. आठवीच्या विद्यार्थ्यांनी पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये, ३२९ वर्षांनी, तो कलंक पुसला गेला. पनवेल, रोहा, महाड येथील शाळांत आपली मुलेही आठवीत शिकतात. कोकणातल्या भुताळी ठरवलेल्या बाईची गोष्ट त्यांच्यासाठी मराठीत कुणी लिहील काय? संशयाने गाव कसे पेटते हे ज्या समाजाने सोसले आहे, त्याच्या लेखकांनी हे काम आधी हाती घ्यावे.